पोळ्यांचा डबा आणि कॅमेऱ्याचं झाकण

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पावसाळ्यात घरातल्या वस्तू कशा जपाव्यात यावर एक पान होतं. छत्र्या, चामडी चपला, गोधड्या, पुस्तकं यांच्या रांगेत शेवटी कॅमेऱ्यालाही दोन ओळी मिळाल्या होत्या. बाहेरून आल्या आल्या लेन्सला कॅप लावावी आणि कॅमेरा बंद कपाटात ठेवून द्यावा, अशा अर्थाच्या. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण हा सल्ला जूनपासून कुणी चिपळुणात इमानेइतबारे पाळला, तर गणपतीला कॅमेरा बाहेर काढताना लेन्सच्या आत त्याला कोळ्याचं जाळं दिसेल. ते कोळ्याचं नसतं, बुरशीचं असतं. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, हे आधीच सांगते. कात्री चालवायचीच झाली तर मधला रशियाचा भाग कापा, पोळ्यांच्या डब्याचा ठेवा.

मी स्वतः फोटोग्राफर नव्हे. १९८१ साली लग्न होऊन चिपळूणच्या बाजारपेठेतल्या एका स्टुडिओवाल्यांच्या घरी आले. खाली स्टुडिओ, माडीवर बिऱ्हाड. मामंजी स्टुडिओत पासपोर्टचे आणि मुली 'दाखवायचे' फोटो काढत, आमचे हे लग्नामुंजींना बाहेरगावी जात. मी आधी फोटोंच्या कडा कापायला बसले, मग डार्करूममध्ये शिरले, आणि रंगीत रोल बाहेरच्या लॅबला जायला लागेपर्यंत तिथेच होते. आणखी एक काम मात्र कुणी न सांगताच माझ्याकडे आलं. कुठल्या बरणीवर कुठलं झाकण बसतं हे जिला ठाऊक, तिनेच कॅमेऱ्यांचीही झाकणं सांभाळायची, असं त्या घरात आपोआप ठरून गेलं. तेव्हापासून मी झाकणं सांभाळते आहे.

तर आधी डबा. तव्यावरून उतरलेल्या पोळ्या तशाच डब्यात भरून वर घट्ट झाकण लावलं की काय होतं, ते वाचकांपैकी निम्म्यांना तरी सांगायला नको. झाकणाला आतून घाम सुटतो, तो पोळ्यांवर ठिबकतो, आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडला की आंबूस वास. यात झाकणाचा काही दोष नाही, आत वाफ कोंडली त्याचा आहे. लेन्सचंही तेच. भिजलेली, निदान सादळलेली लेन्स घरी आणली, तिला पुढून कॅप, मागून कॅप लावली आणि वर कपाटाचं दार लोटलं, म्हणजे बुरशीला अंधारी, ओलसर, बिनवाऱ्याची खोली भाड्याने दिली. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरू लागते. आमच्याकडे आषाढ-श्रावणात ती ऐंशी-नव्वदला टेकलेली असते. मिठाला पाणी सुटतं तिथे काचेची काय कथा!

बुरशी काच खाऊन जगत नाही. तिला बोटाचा तेलकटपणा, धूळ, असलं काहीतरी खायला पुरतं. पण वाढताना ती आम्ल सोडते आणि ते काचेवरचा मुलामा कोरत जातं. लेन्स उजेडात तिरकी धरली की जांभळट-हिरवट झाक दिसते ना, तो हा मुलामा. मामंजींच्या काळातल्या लेन्सवर मॅग्नेशियम फ्लोराइडचा एकच थर असे, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. हल्ली थरावर थर असतात, पण सगळे मिळूनही नाजूकच. मेकॅनिकने बुरशी पुसून काढली तरी ती जिथून जिथून गेली त्या पायवाटा काचेवर राहतात. उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की सगळ्या चित्रावर साय आल्यासारखी दिसते.

तेव्हा आपल्या पानावरच्या सल्ल्याचा क्रम उलटा हवा. घरी आल्यावर लेन्सचं बाहेरचं अंग सुती कापडाने टिपायचं, तोंड जरा खाली झुकतं ठेवून कॅपशिवाय पंख्याखाली तास-दोन तास राहू द्यायची, आणि मग कॅप. वातानुकूलित मंगल कार्यालयातून बाहेर पडताना मात्र उलट. थंडगार लेन्स दमट हवेत उघडी केली की गार पाण्याच्या तांब्यासारखी भरभर घामेजते. तिथे कार्यालयातच कॅप लावून कॅमेरा बॅगेत घालायचा, चेन ओढायची आणि बाहेरच्या हवेची त्याला सवय होईपर्यंत उघडायचं नाही. नवरानवरी गाडीत बसायला निघाली असतील तरी. आमच्या मुलाला हे पटायला दोन लग्नांचे पाठवणीचे फोटो धूसर यावे लागले.

आता कॅप कोणती, हा प्रश्न. इथे माझा खरा राग आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

लोक कॅपला कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेलं प्लॅस्टिक समजतात. हरवली की 'कुठलीही द्या हो' म्हणून दुकानात जातात. अहो, बरणीला दुसऱ्या बरणीचं झाकण बसतं का? आणि बसलं असं वाटलं तर मुंग्या काय म्हणतात? लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा अंगावर शून्याला तिरकी काट मारल्यासारखं एक चिन्ह असतं आणि त्यापुढे आकडा असतो. ४९, ५२, ५५, ५८, ६२, ६७, ७२, ७७, ८२, यांपैकी बहुधा एखादा. तो पुढच्या आट्यांचा व्यास, मिलिमीटरमध्ये. तोच कॅपचा आकडा. बऱ्याच कॅपच्या आतल्या बाजूला तो छापलेलाही असतो. दोन आकडे जुळले की काम झालं.

पण घोटाळा असा, की लेन्सवर मिलिमीटरचे दुसरेही आकडे असतात, आणि ते मोठ्या टाइपात असतात. आमच्या पुतण्याकडे कॅननची १८-५५ लेन्स आहे. कॅप हरवल्यावर त्याने मोबाइलवरून ५५ ची मागवली. लेन्सवर ५५ लिहिलंय ना काकू! अरे, ते १८-५५ म्हणजे चित्र किती जवळ आणायचं त्याचं माप, तोंडाचं नव्हे. त्या लेन्सचं तोंड ५८ चं. आलेली कॅप आत जाऊन नुसती खुळखुळायची. गंमत म्हणजे निकॉनच्या १८-५५ मध्ये एक जुनी ५२ ची आहे आणि एक नवी खरोखरच ५५ ची. म्हणजे एखाद्याचा चुकीचा हिशोबही बरोबर येतो आणि तो जन्मभर तोच हिशोब दुसऱ्यांना शिकवत राहतो.

पुतण्याने ती ५५ ची परत केली नाही. कडेने पुठ्ठ्याची पट्टी घालून ५८ वर बसवली आणि शिमग्याला पालखीचे फोटो काढायला गेला. पालखी नाचायला लागली, गर्दीचा धक्का लागला, कॅप पडली ती पडलीच, वर पुठ्ठ्याचा भुगा काचेवर. त्यात गुलाल. त्याने काय करावं? शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसलं. घामट कापड, गुलाल आणि पायांनी उडालेली माती यांचा लगदा काचेवर फिरवला म्हणा ना. मातीत, वाळूत गारगोटीचे बारीक कण असतात आणि ते काचेपेक्षा कठीण असतात, हे त्याला शाळेत शिकवलेलं होतं, पण शाळेतलं शिमग्यात कुणाला आठवतं? आधी ब्लोअरने, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्याने, फुंकायचं, मग मऊ ब्रश, आणि पुसणं सगळ्यात शेवटी. तोंडाने फुंकू नये, थुंकी उडते.

न बसणाऱ्या कॅपचे प्रकार मी इतके पाहिलेत की त्यांचं प्रदर्शन भरवता येईल. चिकटपट्टीने बसवलेली, पट्टीचा डिंक उन्हात वितळून आट्यांत शिरलेला. रबरबँडने आवळलेली. जुन्या कॅमेऱ्यांच्या धातूच्या कॅपना आतून मखमल असायची, ती सैल झाली म्हणून आत कागद कोंबलेला. या मखमलीच्या कॅपची एक खोड होती. मखमलीत एकदा का वाळूचा कण शिरला, की प्रत्येक वेळी घालता-काढताना तो लेन्सच्या कडेवर कानस चालवायचा. आटे असलेली धातूची कॅप वाकडी चढवली की आटे मरतात, मग तिथे फिल्टरही, म्हणजे लेन्सपुढे चढवायची जादा काच, बसत नाही. एकदा स्वस्तातली कॅप ह्यांनी आणली, आकडा बरोबर होता, पण मधला खटका आतून इतका जाड की लेन्सच्या फुगीर काचेला टेकत होता. महिनाभराने बरोबर मधोमध पिटुकला चंद्र उमटला. तेव्हापासून नवी कॅप आली की ती लावून मी कानाशी धरते आणि बोटाने हलकं दाबून बघते. काचेवर प्लॅस्टिक लागलं की आवाज येतो.

दोन्ही कडांना खटके असलेली आणि मधे चिमटीत धरायची, अशा दोन जाती हल्ली मिळतात. पुढे हूड, म्हणजे आडवं ऊन अडवणारं नळकांडं, लावत असाल तर मधल्या चिमटीचीच घ्यावी, कडेच्या खटक्यापर्यंत हूडमधून बोटं पोहोचत नाहीत. काही पातळ फिल्टरना पुढे आटेच नसतात, त्यांवर कुठलीच कॅप धरत नाही. फिल्टर घेतानाच विचारून घ्यावं. फिल्टर असला की कॅप नको, हे मला मान्य नाही, पण त्या वादात इथे शिरत नाही.

आमच्या ह्यांनी किती कॅप हरवल्या, याचा हिशोब माझ्याकडे १९८१ पासूनचा आहे. तो छापण्यासारखा नाही. शेवटी मी वैतागून त्यांच्या कॅपला बारीक भोक पाडलं, त्यात काळा करदोटा ओवला आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधून टाकला. हरवणं थांबलं. पण करदोट्याचीही एक भानगड निघाली. गुहागरला समुद्रावर तिपाईवर कॅमेरा लावून हे संध्याकाळचा फोटो घेत होते. शटर उघडं, वारा सुटलेला, आणि लोंबती कॅप तिपाईच्या पायावर टकटक आपटते आहे. फोटोत नारळाच्या झाडांना दोन-दोन शेंडे आले. तेव्हा दोरी बांधावी, पण तिपाईवर असताना सोडून ठेवावी.

दोरी नसेल तर कॅप खिशात जाते, आणि खिसा हा कॅपचा दुसरा शत्रू. आमच्या ह्यांच्या डाव्या खिशात सुट्टे पैसे, सुपारीचं खांड आणि तपकिरीची डबी असे. (हे शेजारीच बसलेत आणि तपकिरीचं काढून टाक म्हणताहेत. काढत नाही.) तो सगळा भुगा कॅपच्या आत, आणि तिथून काचेवर. लेन्स पुसणारे हजार भेटतात, कॅप आतून पुसणारा मी अजून पाहिला नाही.

कॅप काढायची विसरण्याबद्दलही लिहायला हवं, कारण त्यात मी एकदा नाहक गोवले गेले होते. १९८४ च्या मे महिन्यातली गोष्ट. एका घरी मुंज होती. त्यांच्या घरातल्या एकाने कुवेतहून याशिका इलेक्ट्रो ३५ आणलेला, त्यामुळे फोटोग्राफर बोलावला नव्हता. दुसऱ्या दिवशी ३६ फोटोंचा रोल धुवायला आमच्याकडे आला. मी धुतला. पट्टी निघाली ती खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ. एकही चित्र नाही. गिऱ्हाईक संध्याकाळी आलं आणि डार्करूममध्ये 'बायकांना' ठेवल्यावर दुसरं काय होणार, असं मामंजींना म्हणालं.

मी ओली पट्टी घेऊन बाहेर आले. रोलच्या कडेला कंपनीने आधीच उमटवलेले आकडे असतात, ते रसायनात धुतल्यावरच दिसतात. ते आकडे काळेभोर, ठसठशीत उमटले होते. म्हणजे रसायन बरोबर, वेळ बरोबर, धुणारी बरोबर. मग फिल्मवर उजेडच पडला नव्हता. त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकीतून बटू, मातृभोजन, भिक्षावळ, सगळं लख्ख दिसत होतं. लेन्सवर मात्र कॅप. आणि त्या कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा डोळाही लेन्सच्या आत नसून वर खिडकीशेजारी असतो, त्यामुळे त्यानेही काही ओरडा केला नाही. मामंजींनी पट्टी उजेडाकडे धरली, गिऱ्हाइकाला आकडे दाखवले आणि धुलाईचे पैसे घेतले नाहीत. मला ते घ्यायला हवे होते असं वाटलं, अजूनही वाटतं.

आमच्याकडे असा प्रसंग येणं कठीण होतं. मामंजींच्या याशिका मॅटला वर-खाली दोन डोळे, एक बघायचा आणि एक फोटो काढायचा, पण कॅप जोड होती, दोन्ही डोळे एकदम झाकणारी. झाकलं तर दिसणारच नाही. ह्यांच्याकडे पेंटॅक्स के-१००० होता, त्यात लेन्समधूनच दिसतं. या के-१००० ची आणखी एक गंमत सांगते, कारण ती नव्या मुलांना सांगितली की ती माझ्याकडे संशयाने बघतात. त्याच्या लाइट मीटरला बंद-चालू करायचं बटणच नव्हतं! आत बटणाएवढा सेल, आणि लेन्समधून उजेड आला की काटा हलायचा. मग बंद कसा करायचा? कॅप लावून. अंधार झाला की मीटर झोपला. कॅप विसरलात तर सेल उतरला. त्या कॅमेऱ्याची ४९ ची कॅप म्हणजे झाकण आणि स्विच दोन्ही. ह्यांनी आयुष्यात तीच एक कॅप हरवली नाही, याचं कारण सेल चिपळुणात मिळत नसत, मुंबईहून मागवावे लागत.

आता रशिया. आमचा नातू ग्रहताऱ्यांमागे असतो. ह्यांचं नि माझं कॅपवरून वाजलं की तो आजोबांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. सोव्हिएत रशियाने १९७५ मध्ये शुक्रावर व्हेनेरा ९ आणि १० अशी दोन यानं उतरवली. प्रत्येकावर दोन कॅमेरे, आणि वातावरणातून उतरताना सांभाळायला त्यांवर कॅप. उतरल्यावर त्या आपोआप उडून पडायच्या होत्या. दोन्ही यानांवर एकेक कॅप निघालीच नाही. १९७८ मध्ये ११ आणि १२ गेली, तेव्हा एकही निघाली नाही. साडेचारशे अंशांवर तापलेल्या ग्रहावर कॅमेरे पोहोचवले आणि डोळ्यांवर टोप्या तशाच! १९८२ च्या मार्चमध्ये व्हेनेरा १४ उतरलं. या वेळी कॅप व्यवस्थित उडाल्या. पण त्यांतली एक पडली ती नेमकी तिथे, जिथे जमिनीचा टणकपणा मोजायला यानाचा दांडा टेकणार होता. दांडा खाली आला आणि त्याने शुक्राच्या जमिनीऐवजी स्वतःच्याच कॅपचा टणकपणा मोजला. यावर आमचे हे म्हणतात, 'बघ, मी निदान सावर्ड्यात तरी हरवली.' १९८२ च्या त्याच लग्नसराईत त्यांनी सावर्ड्याच्या एका मांडवात ५२ ची हरवली होती, हे खरं आहे.

पुढचं लिहिताना हात जरा जड होतो. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी पहाटे बाजारपेठेत शिरलं. २६ जुलै २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती, आणि त्या खुणेच्या हातभर वर फळी मारून आम्ही निर्धास्त होतो. फळीवर पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत नऊ लेन्स. पाणी फळी ओलांडून माडीच्या जिन्याला लागलं. आम्ही वर बसून पायऱ्या मोजत होतो.

दोन दिवसांनी ट्रंक उघडली. इथे मी कॅपची वकिली करणार नाही. कॅप पाणी अडवत नाही. ज्यांना पुढून-मागून नेटक्या कॅप होत्या अशा सहा लेन्स हलवल्या तर त्यांच्याही पोटात पाणी डुचमळत होतं. फरक होता तो गाळाचा. वाशिष्ठीचा गाळ म्हणजे वस्त्रगाळ पीठ. त्या सहांच्या काचेवर त्याचा नुसता हात फिरल्यासारखा थर होता. उरलेल्या तिघींपैकी एकीला कॅपच नव्हती आणि दोघींना पुतण्याच्या जातीची पुठ्ठ्याची. त्यांच्यावर बोटभर चिखल वाळून खडखडीत झाला होता. मदतीला आलेल्या एका भल्या मुलाने त्यांतली एक उचलली आणि टॉवेलने चोळली. मी ओरडेपर्यंत उशीर झाला. त्या लेन्सवर आता शेतात नांगर फिरवल्यासारखे चरे आहेत. बाकीच्यांवर मी स्वच्छ पाण्याची बारीक धार सोडत बसले, कुठेही न चोळता, गाळ आपणहून सुटेपर्यंत. घरात पिण्याच्या पाण्याचे वांधे असताना मी लेन्स धुते आहे हे बघून सूनबाई काही बोलली नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

मोटर आणि सर्किट असलेल्या सगळ्या गेल्या. वाचली ती एकच, के-१००० ची हाताने फिरवायची ५० ची जुनी लेन्स (५० हे जवळ आणायचं माप, तोंड ४९ चंच). मुंबईत फोर्टला बोरा बाजारात एका म्हाताऱ्या मेकॅनिकने ती सुटी सुटी करून धुतली, वाळवली, पुन्हा जोडली. फिरवताना किंचित किरकिरते. पण पुढची काच निर्मळ आहे, आणि ते श्रेय मी ४९ च्या कॅपला देते.

साठवणीबद्दल थोडं. मामंजींचं एक शिसवी कपाट होतं, त्याच्या तळाला झिरोचा बल्ब पावसाळाभर रात्रंदिवस जळत असे. तो नावाचाच झिरो, पंधराएक वॉट खायचा आणि कपाट उबदार ठेवायचा. ही युक्ती ऐकून हल्लीची मुलं एलईडीचा झिरो बल्ब लावतात. तो अर्ध्या वॉटचा. उजेड देतो, ऊब देत नाही. बुरशीला वाचायला दिवा लावून दिल्यासारखं झालं ते! त्यापेक्षा हवाबंद झाकणाचा डाळी-तांदळाचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवावं, आणि काटा चाळीस-पन्नासच्या दरम्यान राहतो की नाही ते बघावं. अगदी कोरडं ठणठणीतही करू नये, रबर तडकतं. जेल नारंगी दाण्यांचं घ्यावं, ते ओल पिऊन हिरवट होतं आणि ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तापवलं की पुन्हा नारंगी. निळ्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरात आणू नये. चामड्याच्या केसमध्ये तर लेन्स कधीच ठेवू नये, चामडं ओल धरून बसतं.

आणि ऊन. श्रावणात ऊन पडलं की पापडांबरोबर लेन्सनाही घटकाभर द्यावं, बुरशीला ऊन सोसत नाही. पण दोन्ही कॅप काढून लेन्स उन्हात ठेवणं म्हणजे भिंग ठेवणं, हे मी १९८६ मध्ये शिकले. गच्चीत चादर अंथरून त्यावर लेन्स आडवी ठेवली आणि खाली भाजी निवडायला गेले. वर आले तेव्हा शेजारी घडी करून ठेवलेल्या सासूबाईंच्या नऊवारीला काळं भोक पडून धूर निघत होता. त्यांनी पुढे वर्षभर ते लुगडं भोक बाहेर दिसेल असंच नेसलं. तेव्हा उन्हात देताना मागची कॅप लावून ठेवावी, सोबत बसावं, आणि जवळ कापड-कागद काही नसावं. हाच नियम गाडीच्या पुढच्या काचेपाशी कॅमेरा ठेवणाऱ्यांना. मुलाच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढे आरसा नसतो. उघडी लेन्स सूर्याकडे तोंड करून पडली की ऊन गोळा होऊन थेट आत. तिथे कॅपला पर्याय नाही.

संपादकसाहेब, आपल्याकडे मागणं एवढंच की पुढच्या पुरवणीत त्या दोन ओळींची दुरुस्ती छापावी: आधी वाळवा, मग झाका, आणि झाकण लेन्सवरच्या आकड्याचं घ्या. कॅमेऱ्याची दुकानं चालवणाऱ्यांनीही गिऱ्हाइकाला लेन्स विचारू नये, लेन्स आणायला सांगून आकडा वाचावा. शंभर-दीडशे रुपयांच्या वस्तूसाठी कोण एवढं करतो, असं मला एकाने ऐकवलं. त्याच्या दुकानात माझ्यादेखत एका मुलीला ६२ च्या लेन्सवर ६७ ची कॅप 'जरा दाबून बसेल' म्हणून विकली गेली. मोठं झाकण लहान तोंडावर दाबून कसं बसणार, ते त्यानेच सांगावं.

पुरातून वाचलेला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्याकडे आहे. त्यात ज्यांच्या लेन्स मेल्या, विकल्या गेल्या किंवा हरवल्या अशा तेवीस कॅप आहेत. ५२ च्या आठ, ५८ च्या पाच, बाकी किरकोळ, सगळ्या आतून पुसलेल्या. बाजारपेठेत कुणालाही विचारलं तर आमचं घर दाखवतील. आपली लेन्स घेऊन यावं, बसवून बघावी आणि बसली तर न्यावी. ४९ ची तेवढी मागू नये, ती लेन्सवर आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक स्टुडिओवाली आजी,
बाजारपेठ, चिपळूण